आपल्याला म्हणजे कोणाला

‘आता आपल्याला कसं दिसतंय?’ असं मी विचारलं आणि खुर्चीतल्या आजीबाई गप्प बसल्या. खोलीत अंधार होता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा चौकोन तेवढा उजळलेला, त्यांच्या नाकावर डोळे तपासायची ती जड गोल फ्रेम, आणि माझ्या चिमटीत पुढची काच. मला वाटलं, ओळ लागत नसेल. पुष्कळांना लागत नाही, आणि चुकलो तर काय म्हणतील म्हणून माणसं मोठमोठी असूनही शाळेतल्यासारखी गप्प होतात. मी थांबले. आमच्या कामात थांबणं हेच अर्धं काम आहे. मग त्या म्हणाल्या, ‘आपल्याला म्हणजे कोणाला?’ म्हटलं, म्हणजे तुम्हाला. ‘मग तसं विचारा की बाई. डोळे माझे, काच माझ्या डोळ्यापुढे, आणि आपल्याला म्हणे. मला जे दिसतंय ते तुम्हालाही दिसतंय होय?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरात दिवसभर बोलायला कोणी नसलेल्या माणसाला दुकानात आल्यावर जी थट्टा सुचते तसली थट्टा होती ती. मीही हसले. पण हसता हसता चिमटीतली काच निसटली आणि कुठेतरी घरंगळत गेली. ती शोधायला खाली वाकले, अंधारात गुडघ्यांवर, फरशी चाचपत, आणि तिथे त्या खुर्चीच्या पायाशी मला एकाएकी असं भरून आलं की थोडा वेळ वर उठवेना. काच सापडली. फुटली नव्हती. ओढणीच्या टोकाने पुसून मी ती पुन्हा फ्रेममध्ये बसवली आणि विचारलं, ‘तुम्हाला कसं दिसतंय?’ ‘हां,’ त्या म्हणाल्या, ‘आता बरं दिसतंय.’

गिऱ्हाइकाला ‘आपण’ म्हणायचं हा दुकानाच्या मालकाचा नियम. मालकाला आम्ही दुर्बीण म्हणतो, कारण तो गल्ल्यावर बसून कोपऱ्यातल्या कपाटावरची धूळसुद्धा बघतो, आणि स्वतःच्या चष्म्याचा नंबर मात्र बदलून घेत नाही. ‘तुम्ही’मध्ये जरा खेकसल्यासारखं होतं, ‘आपण’ कसं मखमली, असं तो म्हणतो. मला तो नियम कधी जड गेला नाही. बाकीच्या मुली अडखळायच्या, माझ्या तोंडात मात्र तो शब्द पहिल्या दिवसापासून बसला, जसा काही मी तो घरून घेऊन आले होते. त्या दिवशी मात्र आजीबाई गेल्यानंतर जे जे गिऱ्हाईक आलं त्याच्यापुढे माझी जीभ त्या शब्दाशी येऊन थबकायला लागली. एकदा जिन्याची पायरी मोजायला लागलं की पुढे जिना उतरता येत नाही, तसं. मी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत राहिले. पडद्याआडून दुर्बिणीचा आवाज आला, ‘मॅडम, आपण म्हणायचं.’ मी म्हटलं, ‘तुम्ही म्हणा ना.’ तो पडदा सारून चष्म्यावरून बघत राहिला. मी त्याला असं उलट कधी बोललेच नव्हते, त्यामुळे ही थट्टा आहे की काय आहे ते त्यालाही कळेना आणि मलाही.

आजीबाईंनी जाताना फ्रेम निवडली ती लाल. आरशापुढे उभं राहून त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाल्या, ‘कशी दिसते म्हणून विचारत नाहीये हं मी. मला दिसतंय.’ माझा स्वतःचा चष्मा तपकिरी आहे. आधीचाही तपकिरी होता, त्याच्या आधीचाही. आपल्या चेहऱ्याला भडक खुलत नाही.

असं ताई म्हणते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते आणि ताईचं कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. बाबा फिरतीच्या नोकरीवर असायचे, आई गेल्यावर ते जास्तच फिरतीवर राहू लागले. त्या दिवशी घरातली माणसं हळूहळू पांगली, संध्याकाळ झाली, आणि ताईने मला पलंगावर ओढून घेऊन आमच्या दोघींवर एकच पांघरूण घातलं. तिच्या हाताला साबणाचा वास होता. दिवसभर आल्यागेल्यांचे कप तीच विसळत होती. ‘आपण रडायचं नाही,’ ती म्हणाली. ‘आपल्याला भीती वाटत नाही.’ मला भीती वाटत होती. पण आपल्याला वाटत नव्हती, आणि मी आपल्यात होते. त्या शब्दाइतकं उबदार मी त्यानंतर काही पांघरलेलं नाही. अजूनही थकून घरी आले, अंग मोडून आलं, की मला आधी तो शब्द आठवतो, मग पलंग, मग ताईच्या कोपराचा तो खरखरीत भाग, ज्यावर गाल ठेवून मी झोपायचे. तिने कॉलेज सोडलं. का सोडलं हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलून दाखवलेलं ते आमच्या घरात एखाद्या मोठ्या कपाटासारखं उभं होतं. त्याला वळसा घालूनच मला स्वयंपाकघरात जावं लागे.

पुढे त्या पांघरुणात माझे पाय कुठे संपतात आणि तिचे कुठे सुरू होतात ते कळेनासं झालं. आपल्याला गोड आवडत नाही. आपण पहिल्या बाकावर बसतो. आपण कोणाकडे राहायला जात नाही, आपल्याला परक्या घरी झोप येत नाही. शाळेतून पोहायला न्यायचे तेव्हा ताई म्हणाली, ‘आपल्याला नाही जमायचं, आपले कान नाजूक.’ वर्गातल्या सगळ्या मुली पाण्यात, आणि मी काठावर त्यांचे टॉवेल धरून बसलेली. पाण्यातून येणारी ती थंड निळी झुळूक, त्यांच्या किंकाळ्या छताला आपटून परत यायच्या, आणि मी हाताने कान झाकून बसायचे, कारण ते नाजूक होते. मोठी झाल्यावर, पिलू पोटात असताना डॉक्टरांनी सगळं तपासलं तेव्हा, मी सहज विचारलं तर ते म्हणाले कानांना काही झालेलं नाही, कधी काही झालेलंही दिसत नाही. मग मला आठवलं, लहानपणी कान ठणकायचे ते ताईचे. आई तिच्या कानात कोमट तेल घालायची. कान ताईचे होते आणि काठावर मी बसले होते.

तिने मला आयुष्यात कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही. हे मी कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील, मग तुझी तक्रार काय? ताई काम करताना गुणगुणते. त्याला चाल नसते, शब्द नसतात, नुसता एक बारीक सूर, भांडं तापत आलं की येतो तसा. मी शाळेतून आले की दारातच कान द्यायचे: सूर आहे की नाही. असला, तर घर घर असायचं. नसला, तर मी काय केलं असेल ते चपला काढता काढता शोधायला लागायचं. अबोला धरणं तिला माहीत नव्हतं. ती बोलायची, वाढायची, वेणी घालायची, फक्त तो सूर बंद असायचा. मग मी जे काही करायचं ठरवलेलं असेल ते मनातल्या मनात सोडून द्यायचे, आणि खरं सांगते, ते सोडल्याचं मी तोंडाने बोलायच्या आधीच तिला कळायचं आणि सूर सुरू व्हायचा. त्या क्षणी जे हलकं वाटायचं त्यालाच मी सुख म्हणत आले.

डोळे तपासायचं शिकत होते तेव्हा एक मैत्रीण होती, तिला सगळे खिदळी म्हणायचे. प्रयोगशाळेत सगळे गंभीर चेहऱ्याने भिंगं घासत असताना ती एकदम खिदळायची, आणि का ते विचारलं की सांगता यायचं नाही. तिने मला एकदा बळेच बागेतल्या फिरत्या पाळण्यात बसवलं होतं. वर गेल्यावर ती म्हणाली, ‘ओरड की. पैसे कशाचे दिलेत?’ आणि मी ओरडले. माझा आवाज मला पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आला. तिला घरी आणलं तेव्हा ताईने तिचं इतकं केलं, इतकं हसून बोलली, की खिदळी मला जिन्यात म्हणाली, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. ती गेल्यावर ताई कप विसळत होती. ‘चांगली आहे पोरगी,’ ती म्हणाली. ‘आपल्याला जरा झेपायची नाही.’ एवढंच. पुढे भांडण झालं नाही, कोणी कोणाला काही बोललं नाही. मी हळूहळू खिदळीच्या बसऐवजी आधीच्या बसने यायला लागले. आता कधी रस्त्यात मागून तसलं हसू आलं तर मी वळून बघते. ती असेल म्हणून नव्हे. ती कुठल्या गावी असते तेही मला माहीत नाही. त्या पाळण्यात ओरडलेली जी कोणी होती ती दिसेल की काय, असं वाटतं. तिची मला फार आठवण येते. जिच्याशी आपली धड ओळखही झाली नाही, तिची आठवण येते असं म्हणणं बरोबर आहे का, कोण जाणे.

पंचाईत ही की ताईचं बहुतेक बरोबर असतं. हे बैठं काम आपल्याला मानवेल असं तीच म्हणाली, आणि मला हे काम आवडतं. हा अंधार, हा शांतपणा, ‘पहिली काच बरी की दुसरी’ म्हणून विचारणं, आणि समोरचं माणूस विचार करत असताना त्याच्या श्वासाचा आवाज. नवरा तिनेच पाहिला आणि तो भला निघाला. लिफ्ट बसवायच्या कामावर दूरदूरच्या शहरांत असतो, फोनवर पिलूला गाढवाचा आवाज काढून दाखवतो. सगळं बरोबर निघतं, म्हणूनच तर बोलायला तोंड राहत नाही. नंबर काढताना आम्ही कधी कधी आधी मुद्दाम जास्त जाडीची काच घालून सगळं धूसर करतो. कारण काही डोळ्यांना वर्षानुवर्षं ताण देऊन बघायची इतकी सवय झालेली असते की ताण आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. ते सगळं वाचून दाखवतात, शेवटची ओळसुद्धा, आणि डोकं मात्र रोज दुखतं. धूसर केलं की ते डोळे आधी घाबरतात. मग दमतात, सैल सुटतात. खरा नंबर त्यानंतर सापडतो. हे मी रोज करते, आणि त्या दुपारी आजीबाईंच्या मागून आलेल्या एका चिडक्या कारकुनाला जाड काच घालून ‘घाबरू नका, थोडा वेळ असंच राहू द्या’ म्हणताना मला वाटलं, हे मी कोणाला सांगतेय?

कारण त्याच संध्याकाळी ताई पिलूला न्यायला येणार होती. पिलू म्हणजे माझी मुलगी, अजून तीनचीही नाही. पाळणाघरात तिला सारखं सर्दी-पडसं होत होतं, मला रजा मिळत नव्हती, आणि मागच्या आठवड्यात ताई आमच्या टेबलाशी बसून संत्रं सोलत म्हणाली, ‘आपण असं करू. सोमवार ते शुक्रवार पिलू माझ्याकडे राहील. शनिवारी तू येऊन घेऊन जात जा. आपल्यालाही जरा झोप मिळेल.’ संत्र्याच्या फोडीवरचे धागे ती एकेक करून काढत होती, पिलूच्या तोंडात घालत होती. मी म्हटलं, बघू. ‘बघू काय त्यात, ठरलं आपलं.’ रात्री नवरा फोनवर म्हणाला, ‘ताई आहेत म्हणून बरं. लोकांना कुठे मिळतं असं माणूस.’ मीही तेच म्हटलं. आणि तेव्हापासून रोज पिलू झोपली की मी तिच्या पायांचे तळवे हातात धरून बसायचे, जशी काही ती बोटीने कुठे जाणार होती. ताईचं घर बसने दहा मिनिटांवर आहे.

घाबरण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आजीबाईंनी विचारेपर्यंत कळलं नव्हतं. पिलूला अजून ‘मी’ म्हणता येत नाही. सगळे तिला ‘तू’ म्हणतात, तेव्हा ‘तू’ हे आपलं नाव आहे अशी तिची समजूत. ‘तुला पाणी,’ म्हणते, म्हणजे मला पाणी दे. ‘तू पडली’ म्हणून रडत येते, म्हणजे मी पडले. मी तिला शिकवायला जाते, ‘मला म्हण, मला,’ आणि छातीवर बोट ठेवून दाखवते, तर ती माझ्याच छातीवर बोट टेकून खुशीने म्हणते, ‘मला.’ तिच्या हिशेबाने ते माझं नाव. सगळ्या जगात मला ‘मी’ म्हणून ओळखणारी ती एकटीच. हे आपोआप सुटतं म्हणे, एके दिवशी मूल उठतं आणि ‘मी’ म्हणतं. पण ताईकडे पाच-पाच दिवस राहिली तर मध्येच तिला दुसरा शब्द सापडेल, जास्त मऊ, जास्त उबदार. तो तिला सगळीकडे पुरेल, आणि मग ‘मी’ म्हणायची गरजच पडणार नाही. मला कुठे पडली?

दुकानातून पाळणाघरापर्यंतच्या रस्त्याने मी वाक्य जुळवत गेले. दुकानांची शटरं, सायकलवाले, औषधाच्या दुकानाचा हिरवा दिवा, इस्त्रीच्या वाफेचा वास, आणि त्या सगळ्यातून मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत चाललेली. नाही जमणार. राहू दे. पुढच्या महिन्यात बघू. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या भाषेत ‘मी’ न म्हणतासुद्धा जन्म काढता येतो. येते, जाते, करते. क्रियापद बिचारं मागे एक शेपूट लावून घेतं आणि माणूस त्याच्या आड लपून राहतं. मी एक वाक्य ‘मी’ने सुरू करून पाहिलं. ते इतकं उद्धट वाटलं की मी आजूबाजूला बघितलं.

पाळणाघराच्या काकू दारातच होत्या, कडेवर कोणाचं तरी मूल. ‘आज शेवटचा दिवस ना हिचा?’ म्हणाल्या. ‘सकाळी तुमच्या ताईंचा फोन आला होता. बरं झालं कळवलं, माझ्याकडे दोन मुलांच्या आया थांबल्याच आहेत जागेसाठी.’ मला ताईने फोनचं काही सांगितलं नव्हतं. रागावावं असंही मला सुचलं नाही; मला ओळखीचं काहीतरी वाटलं, फक्त तेच, काठावर बसून टॉवेल धरल्यासारखं. मग मी म्हटलं, ‘जागा देऊ नका कोणाला. मी उद्या आणतेय तिला.’ काकूंनी मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ‘अन् ताई?’ ‘ताईशी मी बोलते.’ ‘आधी बोला बाई, मग मला सांगा. बहिणी-बहिणी एक व्हाल, आणि मागाहून ताप माझ्या डोक्याला.’ उद्या सकाळपर्यंत थांबा, असं मी म्हटलं, आणि त्या हो म्हणाल्या. तेवढ्यात पिलू आतून आली, एका पायात मोजा, एक पाय उघडा, आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, ‘तुला उचल.’ मी उचललं. तिच्या केसांना दुपारच्या झोपेचा वास होता, थोडा घामट, थोडा दुधाचा. खांद्यावर डोकं टाकलं की तिचं वजन एकदम वाढतं. हे वजन उद्या संध्याकाळी कोणाच्या खांद्यावर असेल, एवढाच प्रश्न होता.

जिन्यातच सूर ऐकू आला. ताईकडे आमच्या घराची किल्ली आहे, ती आधीच येऊन बसली होती. आत गेले तर दिवा लावलेला, खुंटीवरच्या माझ्या कोटाचं लोंबतं बटण शिवलेलं, कपांची फळी पुन्हा तिला सोयीची तशी लावलेली, आणि दाराशी पिलूची पिशवी भरून तयार. वरच्या बाजूला तिनेच विणलेला पिवळा स्वेटर. ‘आलीस? आज उशीर झाला आपल्याला,’ ती म्हणाली आणि हात पुढे केले. पिलू झेप घेऊन तिच्याकडे गेली. कशी जाणार नाही? ताईच्या अंगाला अजून साबणाचा तोच वास येतो. ताईने तिचा उघडा पाय हातात घेऊन ओंजळीत ऊब दिली, मग कुठूनतरी दुसरा मोजा काढला. ‘आपल्याला थंडी वाजते की नाही, हो की नाही?’ पिलूच्या कपाळाला कपाळ लावून ती म्हणत होती. मला त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसावंसं वाटलं. दुसरीतली होऊन. डोक्यावरून पांघरूण ओढून घेऊन.

मी चपला काढल्या नाहीत. दाराजवळच उभी राहून म्हणाले, ‘ताई, मी तिला पाठवणार नाहीये.’

आणि थांबले. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, त्याच्या पुढचंही. या आठवड्यापुरतं घेऊन जा, तिला सर्दी आहे म्हणून, राहू दे, मी आपली उगीच म्हटलं. काच घातल्यावर जशी थांबते तशी थांबले. माणूस विचार करत असताना मध्ये बोललं की तो आपल्या मनासारखं उत्तर देतो. सूर बंद झाला होता. पिलूच्या पायात मोजा चढवून ताईने तो नीट वर ओढला.

‘आपलं ठरलं होतं,’ ती म्हणाली.

‘तुझं ठरलं होतं. मी बघू म्हटलं होतं.’

‘आपल्यात बघू म्हणजे हो असतं.’

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘असतंच.’

हे कोणी भरवलं डोक्यात, तिने विचारलं. नवऱ्याने, की त्या पाळणाघरवालीने? मग तिने आठवण करून दिली, पिलूच्या मागच्या तापात तीन रात्री कोण जागलं होतं. तीच जागली होती. मी तसं म्हटलं. माझ्यावर विश्वास नाही का, असं तिने अगदी हळू विचारलं, आणि मी खरं तेच सांगितलं, की तुझ्याइतका कोणावरच नाही. ‘मग?’ ती म्हणाली. तो ‘मग’ म्हणजे समोरच्या भिंतीवरची शेवटची ओळ होती, मला ती वाचता येत नव्हती, आणि आयुष्यात प्रथमच ती मी अंदाजाने वाचून दाखवली नाही. ताईने छातीवर हात ठेवला. धडधडतंय, म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच धडधडतं. मी पाणी आणलं, तिला खुर्चीवर बसवलं, पंखा लावला, पाठीवरून हात फिरवत राहिले. तिची पाठ किती लहान झालीय ते हाताला कळलं. पाणी पिऊन तिने वर पाहिलं. आता मी वाक्य बदलेन, म्हणून. मी पेला घेतला आणि म्हटलं, ‘रविवारी आम्ही येऊ तुझ्याकडे. दिवसभर.’

‘आम्ही?’ ताई म्हणाली.

मला तो शब्द ठरवून सापडलेला नव्हता. तोंडातून निघून गेला. मी आणि पिलू. त्यात ताई नव्हती. कधी नव्हे ते आमच्या दोघींत मी एक शब्द असा उच्चारला होता ज्याच्या बाहेर ती उभी होती, दारात, पिशवीजवळ. तिचा चेहरा मी पाहिला. आई गेली त्या संध्याकाळी पांघरुणाच्या आत अंधार होता, म्हणून तेव्हा मला तो दिसला नव्हता. पण तो असाच असणार. तिलाही भीती वाटत होती. तेव्हाही वाटत होती.

‘आम्ही दोघी,’ मी म्हटलं. ‘आणि किल्ली राहू दे तुझ्याकडे, ताई, पण बेल वाजवून येत जा.’

ताईने पर्समधून जुडगा काढला. नखाने कडी उघडून आमची किल्ली वेगळी केली. वेळ लागला, कडी घट्ट होती, आणि मी मदत केली नाही. ती तिने टेबलावर ठेवली. ‘बेल वाजवणाऱ्याला किल्ली कशाला,’ म्हणाली. मग पिलूच्या गालावरून हात फिरवला, माझ्या कोटाचं बटण एकदा ओढून पाहिलं, पक्कं आहे ना म्हणून, आणि जिना उतरून गेली. मी कान देऊन ऐकत होते. नुसत्या चपला वाजत होत्या.

खिडकीतून खालचा बसथांबा दिसतो. पिलूला कडेवर घेऊन मी काचेशी उभी राहिले. ताई थांब्याच्या खांबाला लागून उभी होती, पर्स पोटाशी धरून, शाळेतल्या मुलीसारखी. तिच्या घराकडे जाणारी बस आली, दोन माणसं चढली, ताई चढली नाही. ती वर बघत नव्हती. वर बघायची गरज नव्हती तिला. मी खिडकीत आहे हे तिला माहीत होतं, आणि ती कशासाठी थांबलीय ते मला. खिडकी उघडून एक हाक मारली असती तर पुरे होतं. ‘ताई’ एवढंच. ती वर आली असती, कप पुन्हा विसळले असते, सूर सुरू झाला असता, आणि मी चपला काढून बसले असते. खिडकीची कडी हातात होती, गार. माझ्या श्वासाने काच धूसर झाली, थांबा पुसट झाला, ताई पुसट झाली. मी ती पुसली नाही. असंच थोडा वेळ राहू दे, म्हटलं मनाशी. मग दुसरी बस आली, तिचे दिवे धुक्यातल्यासारखे पसरले आणि सरकले, आणि मी हाताने काच पुसली तेव्हा खांबाशी कोणी नव्हतं.

टेबलावर किल्ली होती. दाराशी पिशवी, वर पिवळा स्वेटर. घर इतकं शांत होतं की पिलूनेही मान उचलून ऐकल्यासारखं केलं. मग तिने काचेवर बोट टेकलं, जिथे मघाशी तिची मावशी उभी होती तिथे, आणि म्हणाली, ‘तुला मावशी पाहिजे.’

सवयीने ओठांवर आलं, असं नाही म्हणायचं, ‘मला’ म्हण.

‘हो,’ मी म्हणाले. ‘मला पाहिजे.’